ठोकळा कोणाच्या हाती

आप्पांनी ठोकळा कोणाला द्यायचे ठरवले आहे, हे घरात बहुतेकांना ठाऊक होते. ज्याला ठाऊक असायला हवे होते त्याला मात्र कोणी सांगितले नव्हते.

आप्पांच्या मधल्या मुलाने या मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावला. सांगण्याची गरजच नाही म्हणून सांगितले नाही, असे त्याने स्वतःला पटवले, आणि पटवून घेण्यास त्याच्यापाशी जी कारणे होती ती कोणत्याही न्यायालयात टिकली असती. थोरला भाऊ शिकायला दूरच्या शहरात गेला आणि तिकडचाच झाला. धाकटी बहीण लग्न होऊन दोन गल्ल्यांपलीकडे गेली. ती माहेरी येई ती पुढच्या दाराने, आणि घरामागच्या पट्टीत पाऊल टाकताना वाखाचे तंतू चिकटतील म्हणून साडी आवरून धरी. उरला तो. वाख भिजवणे, विंचरणे, सूत काढणे, पेड भरणे, दोर वळणे, यातले एकही काम असे नव्हते की ज्याने त्याच्या तळहातावर आपली खूण ठेवली नव्हती.

पट्टी म्हणजे घराच्या मागून रस्त्यापर्यंत गेलेली एक लांबच लांब, अरुंद मोकळी जागा. रुंदी बैलगाडी जेमतेम वळेल एवढी. पण दोराला रुंदी लागतच नाही. त्याला लांबी लागते, आणि ती सलग लागते. दरवर्षी पाऊस ओसरला, हवा कोरडी झाली, सकाळचे ऊन तिरपे आणि मऊ पडू लागले, की गल्लीचा दिवस ठरे. त्या दिवशी रस्ता अडवून बाके मांडत, घरोघरून पातेली येत, पोरे पोत्यांच्या शर्यतीत धडपडत, आणि दुपारी वरची आळी विरुद्ध खालची आळी अशी रस्सीखेच होई. तिचा दोर त्याच सकाळी पट्टीत वळला जाई. फाटक उघडे टाकून, सगळ्या गल्लीदेखत. वळताना पेडांच्या मधे धरायचा लाकडी ठोकळा ज्याच्या हातात, पट्टी त्याची. आप्पांच्या वडिलांनी असाच एका वर्षी ठोकळा आप्पांच्या हाती दिला होता. ना कागद, ना चर्चा. आप्पांचे दोन्ही भाऊ त्या संध्याकाळी जे समजायचे ते समजले आणि हिवाळ्याच्या आत वेगळे निघाले.

यंदा आप्पांचे हात थरथरू लागले होते. चहाची बशी ते दोन्ही हातांनी धरत, आणि तरीही ती वाजे.

"आज नवा सदरा घालताय ना?" मधल्याच्या बायकोने सकाळी विचारले.

"वाखाच्या कामाला नवा सदरा?"

"लोक बघणार आहेत."

"लोक दोर बघतात."

तिने सदरा घडी मोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "तुम्ही आप्पांना विचारलंत का?"

"काय?"

"तोंडाने विचारायचं. आप्पा, यंदा ठोकळा कोण धरणार, असं."

"असं विचारतात का कुठे."

"विचारत नाहीत म्हणूनच या घरात सगळं सगळ्यांना नंतर कळतं," ती म्हणाली. "दादा काल रात्री आप्पांच्या खोलीत बराच वेळ बसले होते. वन्संही होत्या. मी दूध घेऊन गेले तर तिघंही गप्प झाले. दुधावर बोलायला लागले. दूध दाट आहे म्हणे."

"असेल दाट."

"मी पाणी घातलं होतं त्यात."

तो हसला. हसू खरे होते, पण ते चेहऱ्यावर जेवढा वेळ टिकायला हवे होते तेवढे टिकले नाही. नवा सदरा त्याने घातला.

पट्टीत थोरला आधीच आला होता. पांढऱ्या विजारीच्या कडा त्याने दुमडून घेतल्या होत्या, आणि ओळीने ताणलेल्या तीन पेडांमधून फिरताना तो पाहुण्याच्या कौतुकाने एकेकाला बोट लावीत होता.

"अरे, ये ये. हे सगळं तू एकट्याने भरलंस?"

"मग कोण भरणार?"

"तसं नाही रे. म्हणजे, छान झालंय. लहानपणी आपण याच्यावरून उड्या मारायचो, आणि आप्पा वेताची काठी घेऊन मागे."

"तू उड्या मारायचास. मी काठी खायचो."

"तू पळायचाच नाहीस ना. पळायला शिकायला हवं होतंस." थोरला मोकळेपणाने हसला. हा त्याचा गुण होता, आणि मधला न्यायी माणूस असल्यामुळे तो गुण नाकारीत नसे: थोरल्याच्या मनात खोट नव्हती. पण ज्याच्या मनात खोट नाही त्याच्या हातून कोणाचे काही जात नाही, असे समजणे चूक आहे. उलट असा माणूस जे नेतो ते हसत नेतो, आणि ज्याचे जाते त्याला रागावायलाही जागा उरत नाही.

धाकटी फाटकाजवळ पाण्याच्या कळशा मांडीत होती. मधला तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. गेल्या उन्हाळ्यात, आप्पा आजारी असताना, हीच त्याला म्हणाली होती की भाऊ, तू काळजी करू नकोस, मी तुझ्या बाजूने आहे. दादाला पट्टी मिळाली तर तो कोणातरी गोदामवाल्याला विकून मोकळा होईल, असेही म्हणाली होती.

"काल काय बोलणं झालं?" त्याने विचारले.

"कुठे?"

"आप्पांच्या खोलीत."

"काही नाही रे. इकडचं तिकडचं." तिने एक कळशी उचलली आणि होती तिथेच परत ठेवली. "भाऊ, आप्पांचं वय झालंय. आज त्यांना त्रास होईल असं काही बोलू नकोस हं."

"मी कधी बोलतो?"

"तेच म्हणते. तू बोलत नाहीस, आणि मग तुझा चेहरा दिवसभर बोलतो."

"तुझ्या नवऱ्याला दादाने काही कबूल केलंय का?"

धाकटीने पदर खोचला. "लोक आले बघ," ती म्हणाली आणि लोकांकडे निघून गेली.

लोक खरेच आले होते. वरच्या आळीचा न्हावी, खालच्या आळीची शिवणवाली, शाळेची पोरे, आणि सर्वांच्या पुढे गल्लीच्या समितीचा चिटणीस. याचे कोपऱ्यावर लोखंडी सामानाचे दुकान होते, म्हणून त्याला सगळे खिळेवाले म्हणत. आप्पांना खुर्चीसकट उचलून चाकाजवळ आणले. चाक फिरवायला दोन गडी उभे राहिले. चाकाला तीन आकडे, आणि त्यांत तीन पेडांची टोके. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला तिन्ही पेड एकाच आकड्यात येत, आणि तो आकडा एका जड लाकडी पाटावर बसवलेला होता. त्या पाटावर दगड रचायचे आणि एका माणसाने उभे राहायचे. त्याचे वजन हाच दोराचा ताण. चाक फिरे, पेडांत पीळ भरे, पेड आखडत, आणि पाट माणसाला घेऊन तसूतसूने पुढे सरके. पाटावरचे काम मेहनतीचे आणि बिनमानाचे. आजवर ते मधल्याचे होते.

आप्पांनी मांडीवरच्या फडक्यातून ठोकळा काढला. नारळाएवढा, घट्ट लाकडाचा, तीन बाजूंना तीन खाचा. पेडांच्या घासण्याने खाचांना अशी झिलई आली होती की त्यात ऊन दिसत होते. मधला पुढे झाला. फार नाही, एकच पाऊल.

"थोरल्या," आप्पा म्हणाले, "घे."

खिळेवाल्याने टाळी वाजवली, मग इतरांनी वाजवली. थोरल्याने ठोकळा दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला, आणि तो एवढा जड असेल याची कल्पना नसल्याप्रमाणे सांभाळून छातीशी धरला.

"आप्पा, मला जमेल ना?"

"चालायचं आहे फक्त," आप्पा म्हणाले. मग मधल्याकडे न पाहता, "तू पाटावर जा. त्याला सांभाळून घे."

मधला पट्टीची सगळी लांबी चालून गेला. वाटेत त्याची बायको उभी होती. तिने नव्या सदऱ्याच्या बाहीवरचा वाखाचा तंतू काढला, एवढेच. तो पाटावर चढला.

चाक सुरू झाले. पेड ताठ होत गेले, त्यांतून बारीक धूळ उडू लागली, आणि पाट कुरकुरत सरकला. पुरेसा पीळ भरल्यावर थोरल्याने पाटाजवळ येऊन ठोकळा तिन्ही पेडांच्या मधे बसवला. खाचा चुकल्या, मधल्याने वाकून त्या बसवून दिल्या. आता दोन भाऊ समोरासमोर होते, हातभर अंतरावर.

"दादा, रेटा धरून चाल. तो तुला पुढे ढकलेल. ढकलू द्यायचं नाही."

"बरं."

"घाई केलीस तर दोर पोकळ होतो."

"कळलं रे मास्तर."

थोरला चाकाकडे चालू लागला. त्याच्या मागे तिन्ही पेड एकमेकांत शिरून दोर होऊ लागले. पहिली काही पावले त्याने सांगितल्याप्रमाणे टाकली. मग दोन्ही बाजूंनी लोक बोलू लागले. कोणी विचारले, तिकडे थंडी किती असते. कोणी म्हणाले, ओळखलंस का, मी तुझ्या वर्गात होतो. थोरला प्रत्येकाला उत्तर देत होता, आणि माणूस गर्दीशी बोलत चालतो तेव्हा त्याचे पाय गर्दीच्या चालीने पडतात. दोर त्याच्या मागे ढिला पडत गेला. पाटावर उभ्या असलेल्या माणसाला तो ढिलेपणा दिसण्यापूर्वी पायांना कळतो.

"दादा, सावकाश."

थोरल्याने मागे न पाहता हात हलवला. "हा मला लहानपणापासून शिकवतोय," तो न्हाव्याला म्हणाला, आणि भोवतीचे चारजण हसले.

"दादा, पोकळ होतोय. थांबून रेटा घे."

"चालू दे त्याला," पलीकडच्या टोकाहून आप्पांचा आवाज आला. हात थरथरत होते. आवाज अजून थरथरत नव्हता.

धाकटी कळशी घेऊन पाटाजवळ आली होती. "भाऊ, जाऊ दे ना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "एक दिवसाचा तर दोर आहे. ओढतील आणि टाकून देतील."

मधल्याने नंतर स्वतःपुढे अनेक युक्तिवाद मांडले. ढिला दोर तुटतो. तुटला तर शेवटची माणसे पाठीवर आपटतात. मागे बघायला पोरे उभी असतात. म्हणून तो दोर होऊ न देणे हेच शहाणपणाचे होते. युक्तिवादात कुठे फट नव्हती. फक्त तो खरा नव्हता. असा दोर एका दुपारी तुटत नाही. तो वर्षभर विहिरीवर टाकला तर तुटेल. दोन आळ्यांच्या ओढाताणीने नाही. हे गल्लीत दोनच माणसांना माहीत होते, आणि दुसरा माणूस चाकाजवळ खुर्चीत बसला होता.

तो पाटावरून उतरला.

उडी मारली नाही, आकडा सोडला नाही, दगडाला हात लावला नाही. जिन्याची एक पायरी उतरावी तसा मागच्या बाजूला उतरला. हलका झालेला पाट दगडांसकट झेपावला, पेड सैल पडले, आणि त्यांत कोंडलेला सगळा पीळ वाट मिळेल तिकडून बाहेर आला. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पट्टीभर वेटोळी उठली; पेड स्वतःभोवतीच गुंडाळले, गाठीवर गाठ बसली, आणि थोरल्याच्या हातून ठोकळा उसळून मातीत पडला.

"तोल गेला," मधला म्हणाला. कोणी विचारले नव्हते.

"लागलं का कोणाला?" खिळेवाल्याने विचारले. कोणाला लागले नव्हते. थोरला तळहात चोळीत हसण्याचा प्रयत्न करीत होता. लोक गाठींचा तो ढीग पाहून हळहळले. पण जत्रेत पाळणा बंद पडला तर हळहळावे, तेवढेच.

"आता दुपारचं काय?" शिवणवालीने विचारले.

"नव्याने वळायला किती वेळ लागेल?" न्हाव्याने विचारले.

"पेड भरण्यातच आठवडा जातो," मधला म्हणाला. आपल्या बोलण्याचे वजन भोवतालच्यांवर पडेल अशी त्याची अपेक्षा होती. या दोरावाचून गल्लीचा दिवस नाही, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता.

"त्यात काय एवढं," खिळेवाला म्हणाला. "माझ्या दुकानात नायलॉनचा आहे. ट्रकवाले नेतात तो. जाडही तेवढाच आहे. आणतो की."

तो घेऊन आला. निळा, गुळगुळीत, नळीतून काढल्यासारखा एकसारखा दोर. मधे लाल फडके बांधले. वरच्या आळीने थोरल्याला आपल्या बाजूला घेतले, खालच्या आळीने न्हाव्याच्या दोन आडदांड भाच्यांना. मधला दरवर्षी वरच्या आळीच्या शेवटी दोर कमरेला गुंडाळून उभा राही. यंदाही कोणीतरी त्याला हाक मारली, म्हणून तो उभा राहिला. आरडाओरडा तोच होता, टाचा तशाच मातीत रुतल्या, पोरे तशीच बाजूने पळाली. खालची आळी जिंकली.

"हा बरा आहे बाई," शिवणवाली तळहात पाहत म्हणाली. "टोचत नाही. दरवर्षी माझी दोन बोटं सोलून निघायची."

"पुढच्या वर्षीही हाच आणू," खिळेवाला म्हणाला. "पाऊस लागला तरी काही होत नाही याला."

यावर कोणाचे काही म्हणणे नव्हते. लोक जेवायला बाकांकडे गेले.

आप्पा जेवायला गेले नाहीत. त्यांनी घरच्यांना पट्टीत बोलावून घेतले. फाटक लावायला सांगितले. थोरला, त्याच्यामागे मधला आणि त्याची बायको, शेवटी धाकटी. ठोकळा कोणीतरी उचलून चाकावर ठेवला होता.

"तोल गेलेला माणूस पुढे पडतो," आप्पा म्हणाले. "तू मागे उतरलास."

मधल्याने पायाशी पडलेला वाख उचलून बोटांत वळला.

"आप्पा, जाऊ द्या," थोरला म्हणाला. "माझंच चुकलं. मी भरभर चाललो. त्याने दोनदा सांगितलं मला."

"तू भरभर चाललास, ते मला दिसत होतं. तुला चालता येत नाही, ते मला तू आठ वर्षांचा असल्यापासून माहीत आहे."

"मग दिलात कशाला?" हे मधल्याच्या बायकोने विचारले. सुनेने आप्पांना समोरासमोर प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तिने तो आवाज न चढवता विचारला.

आप्पा तिच्याकडे वळले. "तो थोरला आहे," ते म्हणाले. "त्याचा मान त्याला दिला. पट्टी तो विकणार नाही, चालवणारा चालवेल, असा शब्द त्याच्याकडून काल घेतला होता."

"चालवणारा म्हणजे हे," ती म्हणाली. "मालक ते, आणि पाटावर हे."

"आयुष्यभर पाटावरच तर आहे तो. त्यात कमीपणा काय?"

"कमीपणा नाही तर मग हे त्यांना काल का नाही सांगितलंत?"

"वहिनी," धाकटी म्हणाली, "आम्ही सांगणारच होतो. आज सगळं झाल्यावर. भाऊ ऐकून घेतो नेहमी, म्हणून..." वाक्य कुठे जात आहे हे तिलाच दिसले आणि ती थांबली.

"बोल की," मधला म्हणाला. "ऐकून घेतो, म्हणून सांगायची घाई नव्हती. असंच ना?"

थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, मला पट्टी नकोच आहे. तूच घे. आप्पा, याच्या नावाने करा. मी सही देतो."

"मला नको तुझ्याकडून," मधला म्हणाला. आयुष्यभर हवी असलेली वस्तू समोर आली असताना त्याने तोंडाने नाही म्हटले, कारण ती देणारा हात चुकीचा होता. आपण काय बोललो हे त्याला त्याच क्षणी समजले. शब्द परत घेता येतील एवढा अवकाशही मिळाला. त्याने तो अवकाश तसाच जाऊ दिला.

"पुरे," आप्पा म्हणाले. "माझ्या बापाने एकाला दिली आणि दोघे गेले. मी मेल्यावर तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडायला नकोत. तिघांत सारखी करतो. रस्त्याकडचा भाग थोरल्याचा. मग मधल्याचा. चाकाकडचा धाकटीचा. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही."

धाकटीने खाली पाहिले. तिच्या नवऱ्याला चाकाकडच्या भागात खोल्या बांधायच्या आहेत, हे आता विचारण्याची गरज उरली नव्हती. थोरला काहीतरी म्हणणार होता, पण त्यानेही हिशेब मनातल्या मनात केला असावा. आपापला वाटा मिळाल्यावर माणसे किती लवकर शांत होतात, हे मधल्याने त्या दिवशी अगदी जवळून पाहिले.

"आप्पा," तो म्हणाला, "तीन तुकडे केले तर एकातही दोर वळता येत नाही. लांबीच पुरत नाही."

"माहीत आहे," आप्पा म्हणाले.

त्यांनी खुर्ची उचलायला खूण केली. थोरला आणि धाकटी दोन्हीकडून वाकले, आणि तिघे घरात गेले. मधल्याची बायको थोडा वेळ थांबली, मग तीही गेली; जेवणाची पातेली आवरायची होती. फाटकापलीकडे बाके सरकवल्याचे आवाज येत होते.

मधला ढिगापाशी बसला. वेटोळ्यांतले एक टोक त्याने शोधून काढले आणि उलटा पीळ देऊन पहिली गाठ सोडवून पाहिली. गाठ सुटली, पण वाख तिथे मोडला होता. पुढची गाठ त्याने घेतली नाही. उन्हे कलेपर्यंत तो तिथेच बसून होता. आपल्या वाट्याला आलेला भाग कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, याचा त्याने बसल्या जागेवरून अंदाज घेतला. त्या भागात ना चाक येत होते, ना पाट.